वसतिगृह सोडून गेलेल्यांना

महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत राहून शिकलेल्या माझ्या सर्व भावंडांना,



तुमच्यापैकी कुणी साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलं असेल, कुणी कोल्हापूरच्या, कुणी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीत राहून पदवी घेतली असेल, कुणी मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात. बहुतेक जण मात्र माझ्यासारखेच तालुक्याच्या गावातल्या सरकारी वसतिगृहात राहिले असतील, भाड्याच्या इमारतीत, एका खोलीत सहा कॉट आणि सहा पत्र्याच्या पेट्या. आज तुम्ही शिक्षक आहात, नर्स आहात, बँकेत आहात, मंत्रालयात आहात, कुणी दुबईला आहे, कुणी न्यू जर्सीला. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. वसतिगृह सोडलं त्या दिवशी तिथलं आपलं खातं बंद झालं असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं की आपलं खरं काम त्या दिवशी सुरू व्हायला हवं होतं, आणि अजूनही ते सुरू करता येईल.

डिसेंबर-जानेवारीत जागोजागी माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे होतात. पंचवीस-तीस वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. जुन्या आचाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते, कुणीतरी पाणी शुद्ध करण्याचं यंत्र भेट देतं. हे सगळं मला मनापासून आवडतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मी गेले त्या मेळाव्यांत एक गोष्ट मला दर वेळी टोचली. त्या वसतिगृहात आज राहणारी मुलं सकाळपासून खुर्च्या मांडत असतात, पंगतीला वाढत असतात, फोटोसाठी बाजूला सरकत असतात. त्यांच्यापैकी कुणाजवळ बसून, तू कुठला, काय शिकतोस, फी भरली का, असं विचारणारा माणूस क्वचित दिसतो. संध्याकाळी मंडप उतरतो. यंत्र राहतं, माणसं जातात.

माणसांनी राहायचं म्हणजे काय करायचं, हे मी अमेरिकेत पाहिलं. वॉशिंग्टनजवळ मी काही वर्षं नोकरीला होते. माझ्या विभागात निवृत्तीला आलेल्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या. महिन्यातल्या एका ठरावीक शनिवारी त्या कुणाचं बोलावणं घेत नसत, कारण त्या दिवशी त्यांच्या चॅप्टरची, म्हणजे स्थानिक शाखेची, बैठक असे. कॉलेजात असताना त्या मुलींच्या एका भगिनीमंडळाच्या, म्हणजे सोरोरिटीच्या, सभासद झाल्या होत्या. कॉलेज सुटून चाळीसेक वर्षं झाली तरी त्यांची वर्गणी चालू होती आणि बैठकही. एका शनिवारी त्या मला सोबत घेऊन गेल्या. चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडलेली, कॉलेजप्रवेशाच्या वयाच्या मुली अर्ज घेऊन बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी एकेक बाई. एक मुलगी आर्थिक मदतीच्या अर्जात वडिलांच्या उत्पन्नाच्या रकान्याशी अडली. वडील घर सोडून गेलेले, पत्ता नाही. शेजारच्या बाईंनी त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. अशा वेळी कुठला कागद जोडायचा आणि कॉलेजच्या कुठल्या कार्यालयाशी बोलायचं ते सांगितलं, आणि सोमवारी सकाळी नऊला तो फोन आपण दोघी मिळून करू म्हणून आपल्या डायरीत वेळ लिहून ठेवली. ती बाई पेशानं न्यायालयात मोठ्या हुद्द्यावर होती, हे मला परतताना गाडीत कळलं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं लावणारी ही मंडळं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहेत. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. आपण सिनेमात पाहतो ती त्यांची घरं, दारू, दंगा. त्यातलं पुष्कळ खरं आहे आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे. गोऱ्यांच्या या मंडळांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं मोजके कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, आणि एका वर्षी त्यांच्यातले सहा जण सुट्टीनंतर परतलेच नाहीत. राहायला धड जागा नाही, अभ्यासाला सोबत नाही, परीक्षेत काय विचारतात हे सांगणारा कुणी नाही. मागे राहिलेल्यांनी आधी अभ्यासाला एकत्र बसायला सुरुवात केली, आणि 4 डिसेंबर 1906 रोजी सात जणांनी अल्फा फाय अल्फा ही संघटना उभी केली. त्यांच्यातले काही जण गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींच्या घरांत वाढप्याचं काम करत. जुने सभासद नव्या मुलांना कसे हात देतात हे त्यांनी वाढता वाढता पाहिलं होतं.

त्या सात जणांचं पुढे काय झालं पाहा. व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले. जॉर्ज केली त्याच राज्यातले पहिले कृष्णवर्णीय नोंदणीकृत अभियंते. यूजीन किंकल जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीग ही संस्था वर्षानुवर्षं चालवली. हेन्री कॅलिस डॉक्टर झाले. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती सात हुशार मुलांची गोष्ट झाली असती, आणि हुशार मुलं सगळीकडे असतात.

माझ्या लेखी खरी महत्त्वाची तारीख 1911 ची. त्या वर्षी केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात या संघटनेचा पहिला पदवीधरांचा चॅप्टर निघाला. कॉलेज सोडून नोकरी-व्यवसायाला लागलेल्यांचा हा चॅप्टर, आणि तो कॉलेजशी बांधलेला नव्हता, राहत्या शहराशी बांधलेला होता. म्हणजे तुम्ही कॉर्नेलला शिका की हॉवर्ड विद्यापीठात, नोकरीला लुईव्हिलला आलात की तिथल्या चॅप्टरचे झालात. पुढे अशा चॅप्टरनं आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांकडे लक्ष द्यायचं, शाळेतल्या मुलांना हायस्कूल आणि कॉलेजकडे वळवायचं, मतदारनोंदणी करायची. ही व्यवस्था देशभर पसरली आणि आजही चालू आहे. सभासदत्व जन्मभराचं. माणूस वारला तरी तो यादीतून निघत नाही. तो ओमेगा चॅप्टरमध्ये गेला असं मानतात, आणि त्याच्या अंत्यविधीला चॅप्टरची माणसं उभी राहतात.

अशी रचना असली की काय घडतं याचे दाखले त्या देशाच्या इतिहासात आहेत. 1942 साली एल्मर हेंडरसन नावाचे गृहस्थ सरकारी कामासाठी रेल्वेनं दक्षिणेकडे निघाले होते. जेवणाच्या डब्यात कृष्णवर्णीयांसाठी पडद्यामागची टेबलं राखलेली; तिथं गोरे प्रवासी बसवले होते म्हणून हेंडरसनना जेवण मिळालंच नाही. त्यांनी दावा लावला. वकील होते बेलफर्ड लॉसन, अल्फा फाय अल्फाचे राष्ट्रीय अध्यक्ष. आठ वर्षांनी, 1950 साली, सर्वोच्च न्यायालयानं निकाल हेंडरसनच्या बाजूनं दिला. 1954 मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्या खटल्यातले प्रमुख वकील थरगूड मार्शल हेही याच संघटनेचे, आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. मार्टिन ल्यूथर किंग 1952 साली बोस्टन विद्यापीठात पीएच.डी. करत असताना सभासद झाले. किंग यांचं राजधानीत स्मारक व्हावं ही कल्पनाही 1980 च्या दशकात याच संघटनेतल्या काही मित्रांच्या मनात आली. त्यांनी ती संघटनेपुढे मांडली. 1996 मध्ये अमेरिकन काँग्रेसनं परवानगी दिली, मग संघटनेनं उभारलेल्या न्यासानं देणग्या गोळा केल्या, सुमारे 12 कोटी डॉलरचं काम झालं, आणि 16 ऑक्टोबर 2011 रोजी अध्यक्ष ओबामांच्या उपस्थितीत स्मारकाचं लोकार्पण झालं. वॉशिंग्टनच्या त्या मोकळ्या मैदानांच्या परिसरात, जिथं राष्ट्राध्यक्षांची आणि युद्धांची स्मारकं आहेत, तिथं एका धर्मोपदेशकाचं स्मारक उभं आहे, ते त्याच्या गुरुबंधूंनी पंचवीस वर्षं कागद हलवत ठेवले म्हणून. मी तिथं उभी राहिले तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी अर्धवट स्मारक-समित्या आठवल्या, पण त्याहून जास्त आठवली ती लुईव्हिलची 1911 ची बैठक. त्या बैठकीत स्मारकाची नव्हे, शहरात नव्यानं आलेल्या मुलाला खोली कुठे मिळेल याची चर्चा झाली असणार, असं मला वाटतं.

यात आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिलं तेव्हा ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांनी उत्तर दिलं आणि साहाय्याची तयारी दाखवली. हे डू बॉइसही अल्फा फाय अल्फाचे सभासद. एकाच तऱ्हेच्या अडचणीतून वाट काढणारी माणसं एकमेकांचे कागद मागून घेत होती. तेव्हा त्यांच्या बैठकीच्या वहीतलं एक पान आपण मागून घ्यायला हरकत नाही.

आणि आपल्याकडे काही नव्हतं असंही नाही. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिलं बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कॉलेज होतं, शाळा होती, खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून शिक्षण अडत होतं, हे त्यांनी ओळखलं. कोल्हापूरच्याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर ‘शुद्ध’ होण्याची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. त्या मुलानं पुढे 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं, आणि 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं.

साताऱ्याच्या बोर्डिंगात राहिलेला एक मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. परत येऊन त्यानं मुंबईत वकिली थाटली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तो साताऱ्याला आला आणि रयतच्या कामात राहिला, शिवाजी कॉलेजात शिकवलं, प्राचार्य झाला. हे बॅरिस्टर पी. जी. पाटील, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. रयतच्या गावोगावच्या शाळांत उभे राहिलेले कितीतरी शिक्षक बोर्डिंगातच भाकरी थापायला शिकलेले होते. संस्था वाढली ती अशा परतून आलेल्यांच्या जोरावर. परतणं हा त्या काळी अपवाद नव्हता, रिवाज होता. तो रिवाज आपल्या पिढीत मोडला.

त्या रिवाजाचा शेवटचा धागा मी स्वतः पाहिला आहे, म्हणून हे एवढ्या ठामपणे लिहिते. आमच्या मुलींच्या वसतिगृहात रविवारी सकाळी एक ताई यायच्या. आमच्या पुष्कळ आधी तिथंच राहून गेलेल्या, तेव्हा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात. त्या भाषण कधी देत नसत. कॉटवर मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, काढा आपापले कागद. शिष्यवृत्तीचा फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. नावात ‘भागुबाई’ आहे की ‘भागाबाई’, वडिलांचं नाव दाखल्यावर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं तर नाही ना, हे त्या बोट ठेवून तपासायच्या. एका मुलीच्या दाखल्यात जन्मतारखेचा आकडा चुकलेला होता, तो ताईंनी वेळीच पकडला. नंतर नोकरीच्या वेळी तोच आकडा नडला असता. कार्यालयात अर्ज दिला की पोचपावती घेतल्याशिवाय हलायचं नाही, समोरचा साहेब कितीही मोठा असो, हे त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं. माझ्या पहिल्या मुलाखतीला मी नेसले ती साडी त्यांची होती. परत करायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, पुढची जाईल तेव्हा तिला दे.

माझ्या आयुष्यावर कॉलेजातल्या कुठल्या प्राध्यापकाचा ठसा किती, हे मला नीट सांगता येणार नाही. ताईंचा मात्र रोज दिसतो. आजही कुठल्याही खिडकीवर कागद दिला की माझा हात पावतीसाठी पुढे होतो. अमेरिकेत घर भाड्यानं घेताना करारातली बारीक अक्षरं मी बोट ठेवून वाचली, दलाल घाईवर आला तरी. माणसाला घडवणाऱ्या गोष्टी अशाच असतात, एका वयात कुणीतरी शेजारी बसून लावलेली सवय. आणि ती लावायला पाच-दहा वर्षांनी मोठं, त्याच खोलीत राहून गेलेलं माणूस लागतं. शिक्षकांना त्या खोलीतलं सगळं माहीत नसतं आणि आईवडिलांना त्या कार्यालयातलं.

आज मुलांपुढचे कागद तर ताईंच्या काळाहून जास्त किचकट आहेत. जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, महाडीबीटीवरचा अर्ज, आधारला जोडलेलं बँक खातं, प्रवेशाच्या कॅप फेऱ्या. फेरीत कुठला पर्याय वर टाकायचा यावर चार वर्षांचं आयुष्य ठरतं, आणि गावातला सायबर कॅफेवाला तो पर्याय भरून देतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. पण योजना आहे हे कळणं आणि तिचा पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत शहरात तग धरणं, या दोन गोष्टींच्या मधल्या महिन्यांत मुलं परत गावाला जातात. कॉर्नेलचे ते सहा जण असेच गेले. तुम्ही या वाटेनं गेला आहात. कुठला कागद कुठल्या महिन्यात लागतो, कुणाकडे उधारीवर खानावळ मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही माहिती तुमच्याकडे पडून आहे आणि तिच्यासाठी एक मूल तिकडे अडून बसलं आहे.

नोकरीच्या बाजूनंही हेच. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास आहे: फ्रॅटर्निटीत गेलेल्या मुलांचे गुण सरासरी पाव ग्रेड पॉइंटनं घसरले, पण पुढचं उत्पन्न सुमारे 36 टक्क्यांनी वाढलं. अभ्यास कमी करून पैसा जास्त, तो ओळखींमुळे. यात मला आनंद वाटत नाही. श्रीमंत घरच्या मुलांच्या ओळखी वंशपरंपरेनं चालत येतात, आणि अशा मंडळांमुळे त्या आणखी घट्ट होतात. आपल्या मुलांकडे मात्र गुण असून ओळख नसते. जाहिरात निघाली हेच त्यांना उशिरा कळतं. त्यांना वशिला नको आहे. वेळेवर एक फोन हवा आहे, मुलाखतीचा सराव हवा आहे, पगाराची बोलणी कशी करतात हे सांगणारं माणूस हवं आहे.

इथं एका धोक्याबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. शाहू महाराजांची बोर्डिंगं जातवार होती, कारण त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली जेवायला बसवणं अशक्यप्राय होतं. भाऊरावांनी वीस-पंचवीस वर्षांत ती भिंत ओलांडली. आज माजी विद्यार्थ्यांचे बरेच गट पुन्हा जातीच्या कट्ट्यासारखे वागताना दिसतात. निवडणूक आली की बोर्डिंगाची आठवण, बदली हवी असली की बोर्डिंगाची आठवण. अल्फा फाय अल्फानं 1940 च्या दशकात आपल्या घटनेतली वर्णाची अट काढून टाकली, आणि ती काढताना गोऱ्यांच्या मंडळांनी आपली अट काढण्याची वाट पाहिली नाही. आपण शहरवार एकत्र यायचं ठरवलं तर पुण्यात समाजकल्याणचं, रयतचं, आदिवासी विभागाचं, कुठल्या मिशनचं, कुठल्याही वसतिगृहातलं माणूस त्या बैठकीत बसलं पाहिजे. मूल कुठल्या जातीचं हा प्रश्न फक्त दाखला भरताना यावा.

दुसरी गोष्ट मुलींची. डेल्टा सिग्मा थीटा ही मुलींची संघटना जानेवारी 1913 मध्ये हॉवर्ड विद्यापीठातल्या 22 मुलींनी काढली, आणि दोन महिन्यांच्या आत, 3 मार्च 1913 ला, त्या राजधानीतल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. हॉवर्डचीच, 1908 सालची, अल्फा काप्पा अल्फा; कमला हॅरिस तिथल्या. या बायका लग्नानंतर गाव बदलतात, काही नाव बदलतात, तरी चॅप्टर त्यांना सापडतो, कारण चॅप्टर त्या जातील त्या शहरात आधीच असतो. आपल्याकडे मुलींच्या वसतिगृहाच्या हजेरीपटावर माहेरचं नाव असतं. लग्न झालं की नाव वेगळं, गाव वेगळं, फोन नवऱ्याचा. मेळावा ठरवणारे सांगतात, मुलींचा पत्ता लागत नाही. बॅचनुसार शोधलं तर लागणारच नाही. गाववार, शहरवार शोधा. प्रत्येक तालुक्यात अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात, शाळेत वसतिगृहात राहून शिकलेल्या बायका आहेत. मुलींच्या वसतिगृहात ताई म्हणून जाण्याचा हक्कही त्यांचाच आहे.

आता ती काळी बाजू. फ्रॅटर्निटीत प्रवेशाच्या नावाखाली नव्या मुलांचा छळ होतो, त्यात मुलं मेली आहेत. अल्फा फाय अल्फाही यातून सुटलेली नाही. 1989 साली अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात तिच्यात येऊ पाहणारा एक मुलगा असाच गेला. त्यानंतर 1990 मध्ये कृष्णवर्णीयांच्या आठ प्रमुख संघटनांनी नव्या सभासदांकडून उमेदवारी करून घेण्याची जुनी पद्धत बंद केली. छळ त्यानंतरही लपूनछपून चालू राहिला, आणि डिसेंबर 2024 मध्ये कॉलेजांना अशा घटना उघड करायला लावणारा केंद्रीय कायदा तिथं करावा लागला. हे वाचताना मला सगळ्यात जास्त राग जुन्या सभासदांचा येतो. आम्ही सोसलं, आम्ही त्यातून घडलो, असं सांगत वीस-पंचवीस वर्षं मोठी माणसं त्या प्रकाराला मान देत राहिली.

आपण वेगळं करतो का? महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 पासून आहे. तरी मेळाव्याच्या व्यासपीठावरून, आमच्या वेळी सिनियरनं रात्रभर उभं केलं होतं, हे किस्से रंगवून सांगितले जातात आणि समोर खुर्च्या लावणारी आजची मुलं ते ऐकत असतात. त्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलानं यातून काय घ्यायचं? हे किस्से थांबवा. एवढी एक गोष्ट केलीत तरी मेळाव्याला जाणं सार्थकी लागेल. आणि वसतिगृहातलं एखादं मूल अचानक जेवायला येईनासं झालं, गावी निघून गेलं, तर गृहपालाच्या आधी ते बाहेरच्या एखाद्या ताई-दादाला कळावं, एवढी त्या मुलाची तुमच्याशी ओळख असू द्या.

माझी मागणी पैशाची नाही. पैसा देणारे आहेत आणि त्यांनी द्यावा. इमारती गळतात, ग्रंथालयांत कपाटं रिकामी आहेत. पण आधी माणसं एकत्र या. ज्या शहरात राहता तिथले पाच-सात जण शोधा, महिन्यातून एका ठरावीक दिवशी भेटा, मग कुणी आलं नाही तरी तो दिवस मोडू नका. जवळचं एक वसतिगृह धरा, तुमचं नसलं तरी चालेल. परदेशात असलात तर इंग्रजी मुलाखतीचा सराव दर पंधरवड्याला फोनवरून घेता येतो. न्यू जर्सीत सकाळ असते तेव्हा इथं मुलं संध्याकाळचं जेवण करून मोकळी असतात. दिसायला हे फार छोटं आहे. लुईव्हिलचंही सुरुवातीला एवढंच होतं.

जूनमध्ये वसतिगृहांचे प्रवेश सुरू होतील. त्या आठवड्यात एक रजा टाका. मुलांच्या वसतिगृहात पुरुषांनी जा, मुलींच्या वसतिगृहात बायकांनी. गृहपालांना भेटून तुमची ओळख रीतसर नोंदवा, पहिल्या वर्षाला आलेल्या दोन मुलांची गाठ घ्या, त्यांचे कागद पाहा, तुमचा नंबर त्यांच्या वहीत लिहून द्या. दिवाळीपूर्वी एकदा आणि परीक्षेपूर्वी एकदा पुन्हा जा.

आपली,
मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाची माजी विद्यार्थिनी